अंतराळवीराचे मन आणि मेंदूचे रसायन

नातेपुते, दहिगाव किंवा माळशिरस परिसरातील मोकळ्या माळावरून काही दिवशी सूर्यास्तानंतर अथवा पहाटे एक तेजस्वी ठिपका न लुकलुकता आकाश ओलांडून जाताना दिसतो. भूपृष्ठापासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानक ते हेच होय. सुमारे ९० मिनिटांत ते पृथ्वीभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करते. त्यामुळे आतील माणसांना २४ तासांत १६ वेळा सूर्योदय आणि तितक्याच वेळा सूर्यास्त घडतो. नोव्हेंबर २००० पासून हे स्थानक कधीही निर्मनुष्य राहिलेले नाही. २०२५ च्या जून-जुलैमध्ये भारताचे ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांचा तेथे मुक्काम होता. १९८४ मध्ये अंतराळात गेलेले राकेश शर्मा आणि शुक्ला हे दोघेही पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे विद्यार्थी होत.

अशा मोहिमांसाठी निवडली जाणारी माणसे शरीराने सुदृढ, बुद्धीने तल्लख आणि शिस्तीने बांधलेली असतात. अनेक वर्षांच्या चाचण्यांतून त्यांची निवड होते. तरीही दीर्घ मुक्कामात त्यांची झोप मोडते, मन उदास होते, सहकाऱ्यांशी खटके उडतात, असे अनुभवास आले आहे. असे का घडते, मेंदूतील रसायनांचा त्याच्याशी काय संबंध आहे आणि त्यापासून भूमीवर राहणाऱ्या समाजाने काय शिकावे, याचा विचार येथे केला आहे.

निवडक माणसांचे अनुभव

राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी 'सोयूझ टी-११' यानातून निघाले आणि 'साल्यूत-७' या सोव्हिएत स्थानकावर राहून ११ एप्रिलला परतले. भारहीन अवस्थेत योगासनांचा शरीराला कितपत उपयोग होतो, याचेही प्रयोग त्यांनी तेथे केले. आठवडाभराच्या मुक्कामात नावीन्यच मनाला पुरून उरते. खरी कसोटी लागते ती महिन्यांमागून महिने जाऊ लागले म्हणजे.

याच 'साल्यूत-७' वर १९८२ मध्ये व्हॅलेंटिन लेबेदेव आणि अनातोली बेरेझोवोय हे दोघे २११ दिवस राहिले होते. लेबेदेव यांची दैनंदिनी पुढे प्रसिद्ध झाली. कंटाळा, चिडचिड, घरची ओढ आणि एकमेव सहकाऱ्याशी येणारा दुरावा यांच्या प्रामाणिक नोंदी तीत आहेत. १९९६ मध्ये 'मीर' स्थानकावर गेलेले अमेरिकन अंतराळवीर जॉन ब्लाहा यांनीही तेथे आपल्याला नैराश्य जाणवले होते, हे नंतर स्वतःच सांगितले. जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर हे सुमारे आठ दिवसांसाठी गेले होते. यानातील बिघाडामुळे त्यांचे परतणे मार्च २०२५ पर्यंत लांबले आणि मुक्काम २८६ दिवसांचा झाला. दोघांनीही हा काळ धैर्याने काढला. परतीचा दिवस निश्चित नसणे हा मनावरचा केवढा भार असतो, याची कल्पना मात्र या घटनेने जगाला आली.

अंतराळप्रवासाने नैराश्याचा विकार जडतोच, असे सिद्ध झालेले नाही. अंतराळवीरांची संख्या थोडी असते आणि ते पारखून घेतलेले असतात. पृथ्वीचे दर्शन घडल्याने मन अधिक उदार झाल्याचेही अनेकांनी सांगितले आहे. तथापि मंगळाच्या प्रवासाला जाऊन-येऊन दोन-तीन वर्षे लागतील, हे ध्यानात घेता शास्त्रज्ञ हा प्रश्न आजच हाताळीत आहेत.

सर्पगंधा, मुंबई आणि नैराश्याचे रसायन

मन उदास होणे आणि मेंदूतील रसायने यांचा संबंध विज्ञानाच्या ध्यानात आला, त्या कथेचा एक धागा मुंबईत सापडतो. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडील वैद्य पूर्वापार वापरीत आले आहेत. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर या वनस्पतीचे परिणाम पद्धतशीरपणे तपासले आणि १९४९ मध्ये ते ब्रिटिश हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यानंतर जगाचे लक्ष सर्पगंधेकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातील 'रेसर्पिन' हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि ते सर्वत्र वापरात आले. डॉ. वकील यांना १९५७ मध्ये अमेरिकेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांचा रक्तदाब उतरला, पण मन खचले, असे डॉक्टरांना आढळू लागले. प्रयोगशाळेत प्राण्यांच्या मेंदूची तपासणी केली असता या औषधाने सेरोटोनिन, डोपामीन आणि नॉरअॅड्रेनॅलिन या तीन द्रव्यांचा साठा रिता होतो, असे दिसले. मेंदूतील एक चेतापेशी दुसरीस निरोप देते तो अशाच रसायनांच्या द्वारे. टपाल न्यावे तसे ती एका पेशीकडून निघून दुसऱ्या पेशीच्या ठराविक ग्राहकांवर जाऊन बसतात. झोप, भूक, उत्साह, आनंद, लक्ष आणि भीती यांवर त्यांचा प्रभाव असतो. या निरीक्षणांतून नैराश्य म्हणजे या रसायनांची तूट, असा सिद्धांत मांडला गेला आणि त्यांचे प्रमाण वाढविणारी औषधे प्रचारात आली.

आजच्या ज्ञानानुसार हा सिद्धांत अपुरा ठरला आहे. औषध घेताच काही तासांत मेंदूतील सेरोटोनिनचे कार्य वाढते, पण रुग्णाचे मन सावरण्यास काही आठवडे लागतात. रेसर्पिनमुळे खरोखर किती जणांना नैराश्य आले, याविषयीही पुढे मतभेद झाले. याचा अर्थ ही औषधे निरुपयोगी आहेत असा नाही. मेंदूचे कार्य एखाद्या टाकीतील पाण्याच्या पातळीइतके सरळ नाही, एवढाच त्याचा अर्थ. अनुवंश, बालपणीचा ताण, झोप, संप्रेरके आणि भोवतालची परिस्थिती या साऱ्यांचा त्यात वाटा असतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील प्रा. विदिता वैद्य आणि त्यांचे सहकारी याच विषयाचा दीर्घकाळ अभ्यास करीत आहेत. चेतापेशींमध्ये ऊर्जा निर्माण करणाऱ्या तंतुकणिकांची संख्या आणि कार्यक्षमता सेरोटोनिनमुळे वाढते, असे त्यांनी उंदरांच्या व घुशींच्या जातीतील प्राण्यांच्या पेशींवरील प्रयोगांतून २०१९ मध्ये दाखवून दिले. निरोप पोहोचविणारे हे रसायन पेशीला ताण सोसण्याचे बळही देते, असा या संशोधनाचा रोख आहे. या कार्यासाठी त्यांना २०१५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०२२ मध्ये इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

अंतराळात काय बदलते

अंतराळातील परिस्थिती मेंदूवर चार बाजूंनी परिणाम करते.

पहिली बाजू प्रकाशाची. मेंदूतील घड्याळ सूर्यप्रकाशावर चालते. अंधार पडला की मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते आणि झोप येते. दिवसातून १६ वेळा उजाडणाऱ्या ठिकाणी या घड्याळाला खरा आधार राहत नाही. अंतराळवीरांना झोपेसाठी साडेआठ तास राखून ठेवलेले असतात. प्रत्यक्षात ते सरासरी सुमारे सहा तासच झोपतात आणि पुष्कळांना झोपेच्या गोळ्या घ्याव्या लागतात, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. झोप आणि नैराश्य यांचे नाते दुहेरी आहे. नैराश्याने झोप उडते आणि झोप उडाल्याने नैराश्याला वाट मिळते.

दुसरी बाजू भारहीनतेची. पायांकडे ओढले जाणारे रक्त व इतर द्रव डोक्याकडे सरकतात. दीर्घ मुक्कामानंतर मेंदू कवटीत किंचित वर सरकल्याचे प्रतिमाचित्रांत दिसले आहे. स्नायूंना आणि हाडांना काम उरत नाही. स्नायूंची हालचाल मेंदूलाही उत्तेजन देत असते. त्यामुळे तिचा अभाव केवळ शरीरापुरता मर्यादित राहत नाही.

तिसरी बाजू विश्वकिरणांची. पृथ्वीचे वातावरण आणि चुंबकीय क्षेत्र हे आपले दुहेरी कवच आहे. या कवचाबाहेर गेल्यावर अतिवेगवान कणांचा मारा शरीरावर होतो. प्रयोगशाळेत अशा कणांचा मारा केलेल्या उंदरांची स्मरणशक्ती व वर्तन बिघडल्याचे आढळले आहे. माणसांविषयी असा निष्कर्ष अद्याप काढता येत नाही.

चौथी बाजू एकांताची आणि कोंडलेपणाची. तीच ती माणसे, तीच जागा, यंत्रांचा अखंड आवाज आणि घरापासूनचे अंतर. मंगळाच्या वाटेवर तर पृथ्वीवर पाठविलेला निरोप पोहोचण्यास अंतरानुसार ३ ते २२ मिनिटे लागतील. घरच्यांशी सरळ संभाषण करणेही मग शक्य होणार नाही.

या परिस्थितीचा मेंदूच्या रसायनांवर प्रत्यक्ष परिणाम होतो काय, हे पाहण्यासाठी २०१३ मध्ये रशियाने 'बिऑन-एम १' या उपग्रहातून उंदीर ३० दिवस अंतराळात ठेवले. जिवंत परतलेल्या उंदरांच्या मेंदूची तपासणी केली असता डोपामीनशी संबंधित काही महत्त्वाच्या जनुकांचे कार्य मंदावलेले दिसले. सेरोटोनिनच्या व्यवस्थेत झालेला बदल त्या मानाने थोडा होता. डोपामीन हे रसायन हालचालीशी आणि कार्याच्या ओढीशी निगडित आहे. उंदरांवरून माणसाचे अनुमान थेट काढता येत नाही. तरीही अंतराळात मेंदूची रासायनिक घडी बदलू शकते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होय.

कोंडलेपणाचा परिणाम भूमीवरही तपासता येतो. जून २०१० ते नोव्हेंबर २०११ या काळात मॉस्कोत सहा पुरुषांना ५२० दिवस एका बंदिस्त यानसदृश कक्षात ठेवण्यात आले. तेथे भारहीनता नव्हती, विश्वकिरणही नव्हते. तरीही दिवस जाऊ लागले तशी बहुतेकांची हालचाल मंदावली आणि झोपेची घडी विस्कटली. सहांपैकी एकाने तर मोहिमेच्या बहुतेक आठवड्यांत नैराश्याची लक्षणे नोंदविली. त्याच कक्षात, तेच अन्न खाऊन राहिलेल्या दोघांना मात्र फारसा त्रास झाला नाही. समान परिस्थितीतही प्रत्येकाचा मेंदू वेगळा प्रतिसाद देतो, ही गोष्ट गावातील किंवा कार्यालयातील माणसाला तोलतानाही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

बर्फावरील दीर्घ रात्र

अंतराळासारखी परिस्थिती पृथ्वीवर आढळते ती अंटार्क्टिकात. १८९८ मध्ये 'बेल्जिका' हे जहाज तेथील बर्फात अडकले. महिनोन्महिने सूर्य न दिसल्याने खलाशी खिन्न आणि दुर्बल झाले. जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी त्यांना धगधगत्या शेगडीच्या उजेडासमोर बसविण्याचा उपाय केला. हिवाळी नैराश्यावर आज प्रकाशोपचार केला जातो. त्याची चाहूल या उपायात दिसते.

भारताची 'मैत्री' आणि 'भारती' ही दोन स्थानके त्या खंडावर आहेत. नवीन पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ तेथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतात. ज्यांचा मुक्काम हिवाळ्यातही असतो, त्यांना 'मैत्री' येथे सुमारे दोन महिने सूर्यदर्शन होत नाही. त्या काळात जहाज येत नाही आणि मोजकीच माणसे एका छताखाली राहतात. निरनिराळ्या देशांच्या हिवाळी तुकड्यांच्या अभ्यासांत झोपमोड, विस्मरण, चिडचिड आणि उदासी ही लक्षणे वारंवार आढळली आहेत. थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकांतही बदल दिसले आहेत. मनोबळ कमी पडल्याने हे घडते, असे म्हणण्यास त्यामुळे जागा उरत नाही.

उपाय काय योजतात

अवकाशस्थानकावर यासाठी योजलेले उपाय साधे आहेत. रोज सुमारे दोन तास व्यायाम सक्तीचा असतो. झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असते. दिवसा निळसर आणि झोपेपूर्वी तांबूस होणारे दिवे बसविले आहेत. कामाला अर्थ असेल आणि हात रिकामे राहणार नाहीत, अशी दिवसाची आखणी असते. कुटुंबीयांशी बोलण्याची सोय असते आणि दर दोन आठवड्यांनी मानसतज्ज्ञाशी खासगी संभाषण होते. हे संभाषण प्रत्येकाशीच होते. तक्रार असलेल्यालाच ते करावे लागत नसल्याने त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

या व्यवस्थेलाही एक मोठा अडसर आहे. मन ठीक नाही असे सांगितले तर उड्डाणास अपात्र ठरू, या भीतीने वैमानिक आणि अंतराळवीर आपला त्रास लपवितात. अशी भीती अंतराळवीरांपुरतीच नसते. शिक्षकाला शाळेत, लिपिकाला कार्यालयात, सरपंचाला गावात आणि सुनेला घरात तीच वाटते. वेडा ठरण्यापेक्षा सोसणे बरे, असे मानून माणूस गप्प राहतो आणि बरा होण्याजोगा विकार बळावतो.

गावाच्या दृष्टीने

माळशिरस तालुक्यात निरेच्या उजव्या कालव्याचे पाणी जेथे पोहोचते तेथे ऊस उभा राहतो. वीज रात्रीच्या पाळीला आली तर शेतकऱ्याला रात्रीच पाणी द्यावे लागते. गळीत हंगामात साखर कारखान्याचा कामगार पाळ्यांत काम करतो. ऊसतोडणी मजूर कुटुंबाच्या काही माणसांना मागे ठेवून महिनोन्महिने परगावी राहतो. अवेळी झोप, तुटलेली सोबत आणि उद्याची अनिश्चितता ही अंतराळवीराच्या वाट्याला येणारी तीन ओझी या माणसांच्याही डोक्यावर असतात. त्यांत कर्जाची आणि पावसाची भर पडते. शेतीला दिवसा वीज देण्यासाठी २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेकडे या दृष्टीनेही पाहता येईल. शेतकऱ्याची रात्रीची झोप हा त्याच्या आरोग्याचाच भाग आहे.

नातेपुते हे आषाढी वारीत श्री ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे मुक्कामाचे गाव आहे. रोजचे चालणे, उघड्यावरचा उजेड, पहाटेपासूनचा ठरलेला क्रम आणि दिंडीची सोबत या चारही गोष्टी वारीत सहज एकत्र येतात. अवकाशस्थानकावर त्या मुद्दाम घडवून आणाव्या लागतात. वारी म्हणजे उपचार नव्हे आणि नैराश्याच्या रुग्णाला केवळ भजनाला बसविणे पुरेसे नाही. पण गावात या गोष्टींची परंपरा आहे आणि ती वर्षभर जागी ठेवता येते.

कार्यप्रवृत्त राहण्याचा हा उपाय शास्त्रीय कसोटीलाही उतरला आहे. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी रुग्णांशी सहा ते आठ बैठकांत बोलून त्यांना एकेक उपयुक्त काम पुन्हा सुरू करण्यास साहाय्य केले. तीन महिन्यांनंतर या रुग्णांपैकी ६४ टक्के लक्षणमुक्त झाले होते. केवळ नेहमीची सुधारित सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मोठ्या रुग्णालयापासून दूर असलेल्या गावातही नैराश्यावर उपचार होऊ शकतात, हे यावरून दिसते.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न असणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणे, झोप वा भूक बिघडणे, सतत थकवा, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे आणि मरणाचे विचार येणे ही नैराश्यविकाराची प्रमुख लक्षणे आहेत. अशी लक्षणे दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रातील वा ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली पुढील उपचार मिळू शकतात. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. सुरू केलेली औषधे डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा मे २०१८ पासून अमलात आला. शासकीय सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा त्याने प्रत्येकाचा हक्क ठरविला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे मानून तिला उपचार व आधार द्यावा, अशीही त्यात तरतूद आहे. अशा कुटुंबाला धीर देऊन दवाखान्यापर्यंत पोहोचविणे हे पंचायत सदस्यांचे आणि पोलीस पाटलांचे पहिले काम ठरते.

शिक्षकांनी एकाएकी अबोल झालेल्या विद्यार्थ्याची एकांतात विचारपूस करावी. कार्यालयप्रमुखांनी सहकाऱ्याच्या झोपेविषयी आणि प्रकृतीविषयी सहज बोलण्याची प्रथा पाडावी. ग्रामसभेत आरोग्याचा विषय निघतो तेव्हा मलेरिया आणि पाणी यांच्याबरोबर मनाच्या आरोग्याचाही उल्लेख व्हावा. मरणाचे विचार येत आहेत काय, असे आस्थेने विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट बोलण्यास वाट मिळते.

हजारो उमेदवारांतून पारखून निवडलेल्या अंतराळवीराचीही झोप मोडते आणि मन खचू शकते. त्याचे सहकारी त्याला दुबळा म्हणत नाहीत, त्याच्यासाठी व्यवस्था उभी करतात. प्रकाश, झोप, श्रम, सोबत आणि वेळेवर वैद्यकीय मदत या तिच्या पाच बाजू आहेत आणि त्यांपैकी एकही गावाच्या आवाक्याबाहेरची नाही. शेजाऱ्याला ताप आला तर आपण विनासंकोच दवाखान्याचे नाव घेतो. मन आजारी असतानाही तितक्याच सहजतेने ते घेता आले, तर त्यातून पुष्कळांचे प्राण वाचतील.